थट्टेचे निदान

फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने जुलै 2024 मध्ये एका महिलेला एक वर्षाची स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. ती डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. तातडीच्या वैद्यकीय सेवेच्या नियंत्रण कक्षात बसून फोन घेणे हे तिचे काम. संकटात सापडलेल्या व्यक्तीला मदत न केल्याचा तिच्यावर आरोप होता. 29 डिसेंबर 2017 रोजी नाओमी मुसेंगा या 22 वर्षांच्या तरुणीने पोटातील असह्य वेदनांमुळे मदतीसाठी फोन केला. आवाज इतका खोल गेलेला की शब्द धड उमटत नव्हते. ‘मी मरणार’ असे ती म्हणाली, त्यावर उत्तर आले : ‘हो, एक ना एक दिवस नक्की मराल, सगळेच मरतात.’ जेमतेम तीनेक मिनिटांच्या या बोलण्याअखेर तिच्या पदरात काय पडले, तर घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेचा फोन क्रमांक. तो फिरवण्याइतके त्राणही जिच्यात नाही, तिलाच तो फिरवायचा होता. दोन तासांहून अधिक काळ वाया गेल्यावर तिला रुग्णालयात हलवण्यात आले आणि त्याच दिवशी तिचा मृत्यू झाला. संभाषणाचे ध्वनिमुद्रण कुटुंबाने मागून घेतले, एप्रिल 2018 मध्ये ते एका स्थानिक नियतकालिकातून बाहेर आले आणि मग फ्रान्सचे आरोग्य खाते खडबडून जागे झाले.

या घटनेवर तेव्हा जे लिहिले-बोलले गेले, त्यात उद्धटपणा, निर्दयता, हरवलेली माणुसकी यांचा भरणा होता. संताप रास्तच. पण संतापात मुद्दा निसटतो. फोनवरच्या थट्टेकडे शिष्टाचाराचा भंग म्हणून पाहिले की तिच्यावरचा उपायही शिष्टाचाराचाच सुचतो : गोड बोला, ‘सर-मॅडम’ म्हणा, भिंतीवर सुविचार लावा. आमच्या मते आपत्कालीन फोन घेणाऱ्याने केलेली थट्टा ही आधी कामातली चूक आहे आणि नंतर वागण्यातली. कारण ती थट्टा हा एक निष्कर्ष असतो. समोरची व्यक्ती खरे बोलत नाही, वाढवून सांगते आहे, ‘नाटक करते आहे’ हे आधी मनात ठरते, तेव्हाच विनोद सुचतो. आणि एकदा विनोद करून झाला की प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

स्ट्रासबुर्गच्या ध्वनिमुद्रणाचा सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग म्हणूनच ते कुप्रसिद्ध वाक्य नव्हे. त्याच्या आधीचे काही क्षण अधिक बोलके आहेत. नाओमीचा फोन अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्याकडून वैद्यकीय कक्षाकडे सोपवला गेला आणि सोपवताना त्या दोघींत दोन-चार वाक्ये झाली. ही बाई मरणार म्हणते आहे, हो, फोनवरून कळतेच आहे ती मरणार ते, अशा उपहासाच्या सुरात. म्हणजे रुग्णाचा आवाज पोहोचण्याआधी तिची टवाळी पोहोचली होती. फोन घेणाऱ्याला रुग्ण दिसत नाही, नाडी हाती लागत नाही, ओठ निळे पडले की पांढरे हे कळत नाही. त्याच्याजवळ साधन एकच, कान. तो कानच आधीच्या टिंगलीने भरलेला असेल, तर क्षीण आवाज हे गंभीर आजाराचे लक्षण न वाटता ढोंग वाटते आणि तुटक उत्तर हा असहकार वाटतो. फ्रान्सच्या पद्धतीत या कर्मचाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार टिपून फोन त्याच कक्षात बसलेल्या डॉक्टरकडे द्यायचा असतो, रुग्णवाहिका पाठवायची की नाही ते डॉक्टर ठरवतो. नाओमीचा फोन डॉक्टरपर्यंत गेलाच नाही. ज्या निदानाचा अधिकार त्या कर्मचाऱ्याला नव्हता, ते निदान एका शेऱ्याने परस्पर उरकले गेले. तिच्या मृत्यूचे नेमके कारण काय, यावर पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. पण ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली त्याला तो वाद आड आला नाही. मदत वेळेवर पोहोचली असती तर जीव वाचलाच असता, हे तिथे सिद्ध करावे लागत नाही. मदतीची हाक कानी पडूनही ती डावलली, हे पुरेसे असते.

असाच, पण थट्टेविना घडलेला प्रसंग जुना आहे. जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात एका व्यक्तीने आपल्या सावत्र आईला श्वास घेता येत नसल्याचे सांगत रुग्णवाहिका मागितली. अग्निशमन दलाच्या वतीने फोनवर असलेल्या परिचारिकेने रुग्णाशीच बोलण्याचा हट्ट धरला, तिला बोलता येत नाही असे सांगूनही. मुलाच्या तोंडून चिडून अपशब्द गेला आणि तिथून पुढचे संभाषण ‘माझ्याशी नीट बोला’ या एकाच विषयावर फिरत राहिले. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत ती स्त्री दगावली होती. जॅक व्हेलन, डॉन झिमरमन आणि मेरिलिन व्हेलन या समाजशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये या एका फोनचा शब्दन् शब्द तपासला. त्यांना खलनायक सापडला नाही. फोन करणारा रुग्णवाहिका मागत होता, घेणारी माहिती विचारत होती, आणि आपण दोघे वेगवेगळी कामे करतो आहोत हे दोघांनाही उमगले नाही. सूर बिघडला की आजार चर्चेतून बाहेर पडतो आणि चर्चा माणसांच्या स्वभावाची होते, हा त्यातून घेण्याजोगा धडा. थट्टा सूर बिघडण्याचे काम झटपट करते, इतकेच.

यावर पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा, की दिवसभर आक्रोश ऐकणाऱ्या माणसांनी हसायचेही नाही काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. मिशेल लिली आणि हेदर पियर्स यांनी 2012 मध्ये अमेरिकेतील 171 फोन कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घटनास्थळी पाऊलही न ठेवता केवळ ऐकण्याने माणसाला मानसिक आघाताच्या खुणा पडतात, हे त्यातून दिसले. आणि या लोकांच्या वाट्याला शेवट येत नाही. बाळ वाचले का, नवऱ्याच्या मारातून ती बाई सुटली का, हे न कळताच पुढचा फोन येतो. अशा कक्षात काळा विनोद उगवणार, तो उगवू द्यावा. पण तो कोणी, कोणावर आणि केव्हा करायचा, हा प्रश्न उरतोच. अँटोनिन ओब्रद्लिक या समाजशास्त्रज्ञाने 1942 मध्ये फाशीच्या छायेतील विनोदावर लिहिले ते नाझींच्या टाचेखालील चेक जनतेविषयी. तिथे हसणारा स्वतः दोराखाली उभा होता आणि त्याचे लक्ष्य सत्ता होती. नियंत्रण कक्षात गळ्याभोवती दोर असतो फोन करणाऱ्याच्या. त्याच्यावर हसणाऱ्याने या परंपरेचा आधार घेऊ नये. आपल्या पाळीवर, साहेबांवर, बंद पडलेल्या संगणकावर, नियतीवर त्याने खुशाल हसावे. फोन ठेवल्यावर, चहाच्या कपासोबत हसावे. चालू फोनवर आणि फोन दुसऱ्याकडे सोपवताना मात्र नाही. सोपवणे कोरडेच हवे : नाव, ठिकाण, तक्रार, केव्हापासून. त्यात विशेषणाला जागा नको.

सहकाऱ्यांतील खासगी हसणेही नेहमी निरुपद्रवी नसते, हे भारतीयांना अमेरिकेतील सिअ‍ॅटलने दाखवले. आंध्र प्रदेशातील जाह्नवी कंदुला ही 23 वर्षांची विद्यार्थिनी जानेवारी 2023 मध्ये तिथे पोलिसांच्या भरधाव गाडीखाली गेली. ती गाडी एका आपत्कालीन फोनवरूनच निघाली होती. पोलीस संघटनेचा एक पदाधिकारी त्यानंतर सहकाऱ्याशी फोनवर बोलताना हसत होता आणि तिच्या जिवाची किंमत 11 हजार डॉलर सांगत होता, हे त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याने टिपले. आपण नुकसानभरपाईचा हिशेब करणाऱ्या वकिलांची नक्कल करत होतो, असा त्याचा बचाव होता. तो खरा धरला तरी विनोदासाठी वापरले गेले ते मृत मुलीचे मोल. जुलै 2024 मध्ये त्याला नोकरीतून काढण्यात आले.

दुसरा आक्षेप खोट्या फोनचा. 112 किंवा 108 वर बसणाऱ्या कोणालाही विचारा, तो ब्लँक कॉल, मोबाइलशी खेळणारी पोरे, दारू चढल्यावर पोलिसांची आठवण होणारे महाभाग आणि ‘बायको माहेरी गेली, आणून द्या’ म्हणणारे यांची जंत्री देईल. या गर्दीत संशय वाढतो हे मान्य. पण संशय हे थट्टेचे समर्थन होत नाही. खोटा फोन खरा मानला तर एक गाडी आणि अर्धा तास जातो. खरा फोन खोटा मानला तर माणूस जातो. शिवाय खोटे पकडण्याचे हत्यार म्हणूनही विनोद कुचकामी आहे. पत्ता, खूण, जवळ कोण आहे, श्वास चालू आहे का, असे ठरलेल्या क्रमाचे थंड प्रश्न बनावाला जितक्या लवकर उघडे पाडतात तितके टोमणे पाडत नाहीत. सॉल्ट लेक सिटीचे डॉ. जेफ क्लॉसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस असे प्रश्न बांधून दिले, त्यावर आज अनेक देशांतील कक्ष चालतात. घाबरलेल्या माणसाला शांत करायचीही त्यांची रीत आहे. त्याच शब्दांत, त्याच सुरात तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे. याने माणसाचे यंत्र होते अशी ओरड होते. तसे असेल तर बुडणाऱ्याला मतप्रदर्शन करणाऱ्या माणसापेक्षा यंत्र बरे.

बुडणाऱ्याचा उल्लेख अलंकारिक नाही. ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील फोर्ट स्मिथ येथे पहाटे वर्तमानपत्रे टाकायला निघालेल्या 47 वर्षांच्या डेब्रा स्टीव्हन्स यांची गाडी पुराच्या पाण्यात अडकली. फोनवरील कर्मचाऱ्याने मदत पाठवली होती. पण पाणी गाडीत चढत असताना त्या घाबरून बोलू लागल्या, तेव्हा तिने त्यांना गप्प बसायला सांगितले आणि पुढच्या वेळी पाण्यात गाडी घालायची नाही हा धडा तुम्हाला मिळेल, असेही सुनावले. बचाव पथकाला गाडी वेळेत सापडली नाही. चौकशीत या वागण्यात गुन्हा आढळला नाही, नियमभंग आढळला. इथे सुराने जीव घेतला असे म्हणता येणार नाही. पण शेवटच्या संभाषणात मिळालेला टोमणा हा सेवेचा भाग नव्हता, हे मान्य करायला मृत्यूचे कारण सिद्ध व्हावे लागत नाही. एक बाब मात्र नोंदवायला हवी. त्या कर्मचाऱ्याने राजीनामा आधीच दिलेला होता आणि ती तिची अखेरची पाळी होती.

दोष एकट्या कर्मचाऱ्यावर टाकून भागत नाही, इथे संस्थेची जबाबदारी सुरू होते. स्ट्रासबुर्गमध्ये शिक्षा एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला झाली आणि त्यावर व्यवस्थेचे पाप एकीच्या माथी मारल्याची टीका झाली. टीकेत तथ्य आहे. अमेरिकेत अशा कर्मचाऱ्यांची सरकारी वर्गवारी वर्षानुवर्षे कार्यालयीन सहायकांत होते. फ्रान्समध्येही या पदाची गणना वैद्यकीय-प्रशासकीय सहायकांत होत आली. ज्याच्या एका वाक्यावर जीव टांगलेला असतो त्याला कारकून मानले, की प्रशिक्षणही कारकुनाइतकेच मिळते. फ्रान्सने एक गोष्ट उशिरा का होईना नीट केली. 2019 पासून या कामासाठी एक वर्षाचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि पदविका सुरू केली. न्यायालयाच्या निकालापेक्षा त्याने अधिक जीव वाचतील, असे आमचे मत आहे. याचा अर्थ ती महिला निर्दोष ठरते असे नाही. व्यवस्था थकवते, पण हाकेला काय उत्तर द्यायचे ते माणूस ठरवतो.

आता महाराष्ट्राविषयी. मुंबई पोलिसांच्या समाजमाध्यमांतील कोट्यांचे कौतुक 2015 पासून देशभर होते आहे. ते योग्यच, कारण तिथे टोला हेल्मेट न घालणाऱ्याला असतो, मदत मागणाऱ्याला नाही. फोनचा मामला वेगळा. पूर्वी 100 क्रमांक फिरवला की जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात घंटा वाजे. 112 वरील हाक आता नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतली जाते आणि तिथून जिल्ह्याकडे, मग गाडीकडे जाते. तंत्राच्या दृष्टीने ही सुधारणा आहे. पण स्ट्रासबुर्गची चूक जिथे घडली तो सोपवण्याचा क्षण यात नेमका वाढतो. शिवाय भामरागडची माडिया बोलणारी स्त्री, धुळ्याचा अहिराणी बोलणारा शेतकरी, मालवणीत भरभर सांगणारा म्हातारा हे सगळे दूरच्या शहरातल्या एका कानाशी बोलतात. आपल्याकडे टिंगलीचा पहिला बळी बोली असते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हेल ऐकून आलेले हसू आणि तक्रारीवरचा अविश्वास यांत अंतर फार थोडे.

हे सारे फोन ध्वनिमुद्रित होत असतात. पण ध्वनिमुद्रणे बाहेर येतात ती कोणीतरी गेल्यावर आणि घरच्यांनी भांडल्यावर. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्याच्या रात्री काय घडले हे कळण्यासाठी हुतात्मा पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांना नियंत्रण कक्षाच्या नोंदी माहिती अधिकाराखाली मिळवाव्या लागल्या होत्या. अधिकाऱ्याच्या पत्नीची ही गत, तर सामान्यांची काय वर्णावी? राज्याच्या गृह आणि आरोग्य खात्याने 112 व 108 वरील फोनची, विशेषतः एका कक्षातून दुसऱ्याकडे सोपवलेल्या आणि मदत न पाठवता बंद केलेल्या फोनची, खात्याबाहेरच्या तज्ज्ञांकडून दर महिन्याला नमुना तपासणी करावी. नावे गाळून तिचा अहवाल दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. आणि फोन घेणाऱ्यांच्या पाळ्या, विश्रांती व समुपदेशनाचा हिशेबही त्याच अहवालात द्यावा. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने तरी हा प्रश्न विचारावा.