कायदा रॉटरडॅमला, बागायतदार निफाडला!



निफाड-दिंडोरीची द्राक्षे न्हावा शेवा बंदरातून थंड कंटेनरने युरोपला जातात. पुष्कळ माल भाव न ठरवताच बोटीवर चढतो. तिकडे विकेल तो भाव. माल खराब निघाला असे तिकडच्या खरेदीदाराने कळवले, तर पडताळायला कोण जाणार? माल नाशवंत, परत आणता येत नाही. मिळेल ते पदरात पाडून घ्यायचे!

मुक्त बाजाराचे भाट याला राजीखुशीचा करार म्हणतात. उद्या रेल्वेने वा टपाल खात्याने सांगितले, ‘आधी राबा, पगार किती ते मागाहून ठरवू’, तर आपण एक ड्यूटी तरी करू काय?

ही लूट खुद्द युरोपला मान्य करावी लागली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात. ऐनवेळी ऑर्डर रद्द करणे, एकतर्फी अटी बदलणे, तक्रारदारावर सूड उगवणे यांना बंदी आहे. मोठ्या युरोपीय खरेदीदाराला माल देणारा लहान परदेशी पुरवठादारही या संरक्षणात येतो. त्याच्या वतीने त्याची संघटना तक्रार करू शकते.

पण नुसत्या कायद्याने भागत नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या कायद्याने किराणा साखळ्यांवर देखरेख करणारा अधिकारी आला. टेस्कोने पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून लांबवले, असा ठपका त्या कार्यालयाने २०१६ मध्ये ठेवला. दंड मात्र शून्य! कारण दंडाचा अधिकारच २०१५ मध्ये मिळाला, आणि प्रकार त्याआधीचे.

मुख्य मेख पुढेच आहे. युरोपचा निर्देश तिथला खरेदीदार आणि त्याला माल विकणारा निर्यातदार यांच्यापुरता. निर्यातदार आणि बागायतदार यांचा व्यवहार इथला. तो त्या कायद्याबाहेर. म्हणून वरचा तोटा खाली ढकलला जातो: निर्यातदाराकडून बागायतदाराकडे, आणि तिथून पेठ-सुरगाण्याहून बागेत कामाला येणाऱ्या आदिवासी मजुराच्या रोजावर.

आमची मागणी स्पष्ट आहे. बांधावर माल उचलतानाच लेखी भाव ठरला पाहिजे. ३० दिवसांत पैसे देण्याचे बंधन इथल्या निर्यातदारावरही हवे. आणि मजुराच्या रोजाला कोणत्याही तोट्याची झळ लागता कामा नये.

आपल्यापैकी अनेकांची घरे आजही शेतीवर उभी आहेत. वाटाघाटीचे टेबल आपल्याला कोणी दान दिले नाही, ते एकजुटीने मिळवले. तीच एकजूट बागायतदार आणि शेतमजुरापर्यंत नेणे हे आपले काम आहे. संघटनेवाचून कायदा म्हणजे नुसता कागद!

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!