फुकटचा मीटर, पण पैसा कुणाचा?

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत जुना वीजमीटर काढून स्मार्ट मीटर बसवताना ग्राहकाला एकच वाक्य ऐकवले जाते, 'मीटर फुकट आहे, काही द्यायचे नाही.' हे वाक्य तपासलेच पाहिजे. अकोला व अमरावती परिमंडळांतील सुमारे २१ लाख ७७ हजार मीटरचे काम महावितरणने २०२३ साली जीनस कंपनीला सुमारे २,६०७ कोटी रुपयांत दिले. भागाकार करा, एका मीटरमागे जवळपास बारा हजार रुपये पडतात! त्यात काही वर्षांची देखभाल आली, हे मान्य. पण केंद्राचे अनुदान प्रीपेड मीटरमागे ९०० रुपये. उरलेले अकरा हजार? वीजगळती थांबून बचत होईल, त्यातून म्हणे. आणि बचत झाली नाही तर? कंपनीचे देणे तर द्यावेच लागणार. महावितरणची तिजोरी मुख्यतः आपल्याच बिलांनी भरते.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. आज स्वस्ताईच्या नावाने काय मिळते? दिवसा ९ ते ५ वापरलेल्या विजेला २०२५ मध्ये जाहीर झालेली सवलत. त्या वेळी आपली माणसे शेतात, बांधकामावर, एमआयडीसीत असतात. घरात दिवा लागतो तो संध्याकाळी.

खरा धोका वेगळाच आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कलम ४७(५) मध्ये प्रीपेड मीटर हा ग्राहकाच्या तयारीचा विषय आहे. २०२० च्या केंद्रीय नियमांनी मात्र नव्या जोडणीला तो बंधनकारक केला. कायद्याने दिलेला पर्याय नियमाने काढून घ्यायचा, ही कुठली रीत? जनतेच्या विरोधामुळे जून २०२४ मध्ये सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. पण आज पोस्टपेड म्हणून लागणारा स्मार्ट मीटर उद्या प्रीपेड करायला कुणी घरी येण्याचीही गरज नाही. कार्यालयात बसून ते होते. मग पैसे संपले की अंधार, नोटीस कसली? (मेळघाटात कित्येक गावांत मोबाईललाच रेंज नसते, तिथे रिचार्ज कसा करायचा, हे विचारायलाच नको.)

मीटर जोरात पळतो ही तक्रार घरोघरी आहे. ती चौकात बोलून उपयोग नाही, लेखी द्या. २०२४ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे रीडिंगबद्दल तक्रार आल्यावर पाच दिवसांत दुसरा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करणे वीज कंपनीवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्या. आणि जुना मीटर काढण्याआधी शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.