सेवकाचा रविवार

गेल्या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमानंतर भोजनाच्या वेळी आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी आम्हांला प्रश्न विचारला. चिरंजीव येथेच जन्मले आणि विद्यापीठात अर्थशास्त्र शिकतात. ते म्हणाले, "काका, माझे काही ख्रिस्ती मित्र स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतात. सरकारने पोलीस, न्यायालय आणि संरक्षण एवढेच सांभाळावे, बाकी सर्व माणसामाणसांतील करारावर सोडावे, असे त्यांचे मत आहे. बायबललाही हेच मान्य आहे असे ते म्हणतात. हे खरे का?"

आम्ही पेशाने वैद्य. धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र ही दोन्ही क्षेत्रे आमची नव्हेत. परंतु ज्या देशात इंग्लंडच्या चर्चचे 26 बिशप कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात बसतात, त्या देशात उभी हयात घालवल्यावर या प्रश्नाला बगल देणे बरे वाटले नाही. त्या दिवशी जे सुचले नाही ते येथे लिहितो.

या प्रश्नाची परीक्षा ब्रिटनमध्ये एकदा प्रत्यक्ष झालेली आहे. 1986 साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने रविवारी दुकाने उघडण्यावरील निर्बंध काढून टाकणारे विधेयक आणले. युक्तिवाद सरळ होता : दुकानदाराला विकायचे आहे, गिऱ्हाइकाला घ्यायचे आहे, मध्ये सरकार कोण? 14 एप्रिल रोजी हे विधेयक 282 विरुद्ध 296 मतांनी फेटाळले गेले. पाडणारे कोण, तर चर्चवाले, दुकान-कामगारांची युनियन आणि खुद्द थॅचरबाईंच्या पक्षाचे 72 सभासद. पुढे 1994 च्या कायद्याने तडजोड झाली. इंग्लंड-वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळात सहाच तास उघडण्याची मुभा मिळाली, लहान दुकानांना बंधन उरले नाही. (या सवलतीवर आपल्यापैकी काही कुटुंबांचे संसार उभे राहिले, हे नमूद केले पाहिजे. आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानात सातही दिवस उभा राहणारा सेवक म्हणजे बहुधा मालक स्वतःच, नाही तर त्याची पत्नी.)

त्याच कायद्याने दुकानातील नोकराला रविवारी काम नाकारण्याचा हक्क दिला. एकदा आमच्याकडे पाय सुजलेली एक बाई आली. मोठ्या दुकानात गल्ल्यावर उभी राहून काम करणारी. आम्ही तिला या हक्काविषयी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "डॉक्टर, हक्क माझ्याकडे आहे, पण कामाचे वेळापत्रक मॅनेजर लावतो." करारस्वातंत्र्यावरचे याहून नेमके भाष्य आमच्या वाचनात नाही.

आता बायबल. ख्रिस्ती लिबर्टेरियनांच्या बाजूला आधार अगदीच नाहीत असे नाही. लोक राजा मागू लागले तेव्हा शमुवेलाने बजावले की, हा तुमची मुले पकडून नेईल, उत्पन्नाचा दशांश घेईल आणि शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. 21 मे 1988 रोजी एडिंबरोत स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे थॅचरबाईंनी संत पौलाचा दाखला दिला की, जो काम करणार नाही त्याने खाऊ नये. महासभेच्या अध्यक्षांनी त्यांच्या हाती गृहनिर्माण व दारिद्र्य या विषयांवरचे चर्चचे अहवाल ठेवले. तोही एक शास्त्रार्थच झाला.

परंतु शब्बाथाची आज्ञा मुळातून वाचावी. विश्रांती फक्त मालकाला सांगितलेली नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि दाराशी आलेला परका, सर्वांना सांगितली आहे. अनुवादाच्या ग्रंथात तिचे कारणही दिले आहे : तुम्ही मिसरात दास होता हे विसरू नका. तेथेच सातव्या वर्षी कर्जमाफी आहे. लेवीय ग्रंथात शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता ठेवण्याचा नियम आहे आणि पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. "माझी मालमत्ता, मी वाटेल ते करीन" म्हणणाऱ्या पंथाला हे कसे पचावे?

मात्र याच ग्रंथात शब्बाथाच्या दिवशी लाकडे गोळा करणाऱ्याला दगडांनी ठार केल्याचीही कथा आहे आणि परकीय दास वंशपरंपरेने बाळगण्याची मुभाही आहे. अमेरिकेत रशडूनी नावाच्या पाद्र्याने 1973 साली मोठा ग्रंथ लिहून मोशेचे कायदे, शिक्षांसकट, आजही लागू करावेत असे मांडले. सरकार मात्र लहान असावे म्हणे! येथे आम्ही निःसंकोचपणे लिबर्टेरियनांच्या बाजूला उभे राहतो. श्रद्धेची सक्ती कोणत्याही सरकारने करू नये. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्या वडीलधाऱ्यांनी धर्म बदलला तो कोणाच्या हुकमाने नव्हे. पंचशीलही आपण आज्ञा म्हणून पाळत नाही, स्वतः होऊन स्वीकारतो.

मग विश्रांतीचा कायदा देवाचा म्हणून टिकवावा काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारणही पुढे केले. 10 जून 1890 रोजी ती सुटी मिळाली. साहेबाच्या चर्चचा वार आणि जेजुरीच्या देवाचा वार एकच निघाला. आराम मात्र मजुराला मिळाला. आम्ही खंडोबाला मानत नाही, तरी या युक्तीला दाद देतो.

बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले तेथे त्यांचे गुरू एडविन कॅनन हे मुक्त बाजाराच्या परंपरेतले. बाबासाहेबांनी ती विद्या पूर्ण घेतली, पण 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी वेगळाच प्रश्न उभा केला. सरकार बाजूला झाले की मोकळे कोण होते? खंड वाढविणारा जमीनदार आणि कामाचे तास वाढविणारा कारखानदार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. व्हाईसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य असताना, 1946 साली, कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला, तो कायद्याने.

आणि महाडचे तळे आठवा. 1927 साली सनातन्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला तो शास्त्रवचनांवर नव्हे, तर तळे आमच्या मालकीचे, खासगी आहे, या म्हणण्यावर. आज एखादा लिबर्टेरियन न्यायाधीश असता तर मालकाला कोणालाही मज्जाव करण्याचा अधिकार आहे, एवढ्यावर प्रकरण संपले असते. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूचा निकाल देईपर्यंत 1937 साल उजाडले.

तोच युक्तिवाद आपल्यामागे समुद्र ओलांडून आला आहे. 2013 साली ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा समावेश सक्तीचा करणारी दुरुस्ती वरिष्ठ सभागृहात मांडली ती लॉर्ड हॅरिस यांनी, म्हणजे ऑक्सफर्डच्या माजी बिशपांनी. ती मंजूरही झाली. त्यानंतर आपल्याच देशबांधवांच्या बैठकीत आम्ही ऐकले की हा समाजाचा खासगी मामला, त्यात सरकारने पडू नये. जुलै 2018 मध्ये सरकारने अशी तरतूद करणार नाही, न्यायालयांचे निवाडे पुरेसे आहेत, असे जाहीर केले.

त्यांतला एक निवाडा 2015 चा आहे. भारतातून आणलेल्या एका आदिवासी ख्रिस्ती स्त्रीला घरकामासाठी रोज 18 तास, आठवड्याचे सातही दिवस राबविले गेले. तिला आपले बायबल सोबत आणू दिले नाही, चर्चमध्ये जाऊ दिले नाही. न्यायाधिकरणाने तिला थकलेल्या वेतनापोटी 1,80,000 पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. त्या घरात सरकार नव्हते. होता तो मालक, आणि शब्बाथाची आज्ञा जिच्यासाठी लिहिली गेली ती दासी.

या निवाड्याची प्रत आम्ही चिरंजीवांना टपालाने पाठविली आहे, मित्रांनाही दाखवावी अशा विनंतीसह. उत्तर अद्याप आलेले नाही. परीक्षा चालू आहेत, असे त्यांचे वडील सांगतात.