बहिणीचा पत्ता कोणाकडे आहे?

फर्स्ट इयरला आपल्यापैकी बहुतेक जण नगरचं रणगाडा संग्रहालय बघून येतात. रणगाड्यापुढे फोटो, बाहेर आल्यावर वडापाव. मीही तेच केलं. परतताना मनात आलं, लोखंडाचं सगळं जपलंय, माणसांचं काय?

संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर लढले, जखमी साथीदारांना सुरुंगांतून मागे आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन परतले. त्यांच्याच मराठा रेजिमेंटचे, माणगावकडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीतच पडले. क्रॉस तोच, पण मरणोत्तर. कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

उद्या कुठे हाडं सापडली तर ओळखणार कशावरून? १९ कुमाऊंचे लान्स नायक चंद्रशेखर १९८४ मध्ये सियाचीनवर हिमकड्याखाली गेले, २०२२ मध्ये त्यांचे अवशेष मिळाले. ओळख पटली आर्मी नंबर असलेल्या धातूच्या बिल्ल्यावरून. "एवढ्या वर्षांनी काय उपयोग?" असं आमचा रूममेट म्हणाला. अरे बाबा, घरच्यांना अंत्यसंस्कार करायला मिळाले, अडतीस वर्षांनी!

बिल्ला नसेल तर डीएनए. इथे गंमत आहे. जुन्या हाडात पेशीकेंद्रातला डीएनए बहुधा तुटलेला असतो. मायटोकॉन्ड्रियातला त्या मानाने टिकतो, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो येतो फक्त आईकडून. म्हणजे जवानाच्या मुलांत त्याचा नसतो, पत्नीचा तर प्रश्नच नाही. भावाचा नमुना चालतो, पण साखळी तिथेच तुटते. पुढे नेते ती बहीण, मग तिच्या लेकी.

आपण सत्कार करतो वीरपत्नीचा, तो व्हायलाच हवा. पण सासरी गेलेल्या बहिणीचा पत्ता कोणाकडे आहे? १९६२ ला विशी-पंचविशीत गेलेल्याची बहीण आज ऐंशीच्या आसपास असणार. अमेरिकेत बेपत्ता सैनिकांच्या नातलगांचे नमुने आधीच घेऊन ठेवतात. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने निदान या बहिणींची यादी तरी करावी. नमुना म्हणजे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, सुईसुद्धा नाही.

माणसं कमी पडत असतील तर आपलं एनएसएसचं शिबिर असतंच. शोषखड्डे जरा कमी खणू, आणि एक दिवस दारोदार जाऊन विचारू, "आजी, तुमचा कोणी भाऊ लढाईवरून आलाच नाही, असं झालंय का?"