लोकसेवेचा अभ्यासक्रम तहसील कचेरीत आणा

पुण्यातली विधी महाविद्यालयं माहितीपुस्तिकेत 'सामाजिक न्याय', 'लोकहित' असे शब्द छापतात. लोकांच्या कामी येणारा वकील मात्र त्यांच्या वर्गांत घडत नाही. मी शिरूर आणि दौंडच्या कोर्टांत वकिली करतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

पदवी घेऊन मुलं ज्युनिअर म्हणून येतात तेव्हा केशवानंद भारती खटला त्यांना तोंडपाठ असतो. पण वारसनोंदीतून भावांनी नाव वगळलेली एखादी बहीण फेरफाराची नक्कल घेऊन समोर बसली, की ती गप्प होतात. अपील प्रांतांकडे करायचं, साठ दिवसांत करायचं, मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. त्या बहिणीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही त्यांच्या लक्षात येत नाही. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 त्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं, तरीही.

रस्त्याचे वाद तर रोजचे. उसाला तोड आलेली आणि शेजाऱ्यानं वाट नांगरून टाकलेली. पूर्वापार वाट अडवली असेल तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा; बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. दोन्ही प्रकरणं तहसीलदारांपुढेच चालतात, पण कलम चुकलं की शेतकऱ्याचा हंगाम जातो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कामगारालाही त्याच कलम 12खाली मोफत वकिलाचा हक्क आहे. संशयावरून उचललेल्या पारध्यालाही आहे. रिमांडच्या वेळी त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार, हा माझ्या लेखी लोकसेवेचा पहिला प्रश्न आहे.

हे शिकवायची सोय एकदा झाली होती. 1997 साली बार कौन्सिल ऑफ इंडियानं चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले, त्यांतला एक लोकहित वकिली आणि विधी साहाय्याचा होता. 2008च्या नियमांत सक्तीचे विषय चारच राहिले, पण नेमका हा गळाला आणि त्याच्या जागी पर्यायी वाद निवारण आलं. मला हा निर्णय अक्षम्य वाटतो. प्रत्येक महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र हवं, असं तेच नियम सांगतात. गावात बहुतेक वेळा पोचतं ते एका दिवसाचं शिबिर: बॅनर, सत्कार, भाषण, फोटो. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आलेल्या माणसाला तिथं कुणी भेटत नाही.

इंटर्नशिपचीही तीच गत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस. आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. आमच्याकडे एका तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंतच कधी कधी त्याहून जास्त वेळ जातो. मग मुलं प्रकरण पाहणार तरी कधी? शिवाय 1998पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. मराठीत कैफियत लिहिता येत नाही, निशाणी 5चा मनाई अर्ज नीट वाचता येत नाही, अशा पदवीधरानं दौंडच्या पक्षकाराचं काय करायचं?

मुलांना मी दोष देत नाही. कर्ज काढून शिकलेलं पोर पगार देणाऱ्या फर्मकडे जाणारच. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली, ते योग्यच झालं. पण ती वर्षं कुणाच्या तरी वकीलपत्रावर नाव घालून काढली जाणार असतील, तर खुर्चीवर बसणाऱ्या न्यायाधीशालाही सातबारा वाचता येणार नाही.

म्हणून एक अख्खं सत्र तालुक्याच्या कोर्टात सक्तीचं करा. तालुका विधी सेवा समितीच्या देखरेखीखाली, गुण देऊन आणि विद्यावेतन देऊन. आठवड्यातला एक दिवस तहसील कचेरीत. लोकहित वकिलीचा विषय पुन्हा सक्तीचा करा आणि त्याची परीक्षा मराठी मसुद्यावर घ्या. पुण्याहून दौंडला रेल्वे आहे, शिरूरला एसटी. मुलं पाठवा, त्यांना बसायला टेबल मी देतो.