गिधाडे गेली, कुत्री वाढली

पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की थोड्याच वेळात आभाळातून गिधाडे उतरायची आणि बघता बघता नुसती हाडे उरायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी हे पाहिले आहे. मुलांनी मात्र गिधाड फक्त चित्रात पाहिले असेल.

गिधाड दिसायला ओंगळ. त्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. पण अल्लाहने त्याला नेमून दिलेले काम दुसऱ्या कोणालाच तसे जमत नाही. त्याच्या जठरातले आम्ल इतके जहाल असते की सडक्या मांसातले रोगजंतू तिथेच मरतात.

पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात जेमतेम एक उरली. कारण सापडले २००४ मध्ये, शेजारच्या पाकिस्तानात. आजारी जनावराला दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात जरी हे औषध असले, तरी गिधाडांचा नाश व्हायला ते पुरेसे होते. कारण एकाच ढोरावर अख्खा थवा बसतो.

गिधाडे गेली, पण मेलेली ढोरे पडतच राहिली. अन्न उरले की खाणारा येतोच. ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. कुत्रीला एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात. कुत्री वाढली, चावे वाढले, रेबीज वाढला. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे देशात सुमारे ४८ हजार जादा माणसे दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे.

सूरह रहमानमध्ये अल्लाहने आकाशाबरोबरच मीजानचा, म्हणजे तराजूचा, उल्लेख केला आहे आणि तोल बिघडवू नका अशी ताकीद दिली आहे. ही ताकीद फक्त दुकानातल्या मापापुरती नाही. आपण काढून घेतले एक पारडे, भोगले लेकरांनी.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली.

रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे आजही गिधाडांची घरटी आहेत. तिथे आणि इतरत्रही आपल्यापैकी अनेकांच्या दारात शेळ्या-म्हशी आहेत. जनावर आजारी पडले तर घरातले दुखण्याचे औषध त्याला देऊ नका. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्झिकॅम मिळते. ते चालेल का, हे पशुवैद्याला विचारा. मुक्या जनावराचे दुखणेही थांबेल आणि आभाळातली अमानतही सांभाळली जाईल, इन्शाअल्लाह.