मिरचीचे देठ

कपडे धुवायला टाकण्यापूर्वी खिसे पाहावेत, ही सवय मला माहेरची. आईचा हेतू सुट्या पैशांपुरताच होता. पण २०२५ च्या मार्चमध्ये एके दिवशी आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशातून पैसे निघाले नाहीत. निघाला तेलकट कागदाचा एक बोळा, आणि त्यात तळलेल्या हिरव्या मिरचीचे दोन देठ.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांना पुढचे काही सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आम्ही खामगावचे. हे नोकरीसाठी रोज शेगावला जातात, सतरा-अठरा किलोमीटरवर. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली. आत मुगाच्या डाळीचे सारण, वर मैद्याची पारी, सोबत तळलेली मिरची. पुढे तिचे नाव साऱ्या महाराष्ट्रात झाले. ज्या गावी भक्त गजानन महाराजांना पिठले-भाकरीचा नैवेद्य दाखवतात, त्याच गावाने कचोरीनेही नाव काढावे, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. त्या दिवशी मात्र वाटली नाही.

कारण जानेवारीत ह्यांची रक्ततपासणी झाली होती. मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा आला ६.२. तो ५.७ च्या खाली असावा आणि ६.५ पासून मधुमेह धरतात, म्हणजे हे उंबरठ्यावर उभे होते. वजन ८८ किलो. डॉक्टरांनी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक मनावर घेतली. भारतीय पुरुषाचे पोट ९० सेंटिमीटरच्या आत असावे. ह्यांचे भरले १०४.

आकड्यांनी मी घाबरले नसते. माझे सासरे १९९५ साली हृदयविकाराने गेले, तेव्हा त्यांना बावन्नावे वर्ष चालू होते. ह्यांनाही यंदाच बावन्नावे लागणार होते. घरात हे कोणी उच्चारीत नव्हते. सासूबाईंनी अहवालाचा कागद दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा न वाचताच परत ठेवला.

मग मी कंबर कसली. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, फरसाणाच्या डब्याला चक्क कुलूप लागले. २०१८ च्या सुमारास घरोघरी झालेला वाद आमच्या घरी सात वर्षे उशिरा पेटला. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडे थोडे खात राहा. धाकट्या जाऊबाई पहिल्या पक्षाच्या, पुण्याची लेक दुसऱ्या. मी दोघींचे ऐकले आणि ह्यांना सोमवारी एका पद्धतीने, गुरुवारी दुसऱ्या पद्धतीने उपाशी ठेवले! जेवताना मी पोळ्या मोजत असे, तेही मोठ्याने. पाहुण्यांसमोरही, "अहो, तिसरी आहे ही," असे तोंडातून जाई. हे मान खाली घालून जेवत, आणि मला वाटे, काय गुणाने राहताहेत!

वजन मात्र तसूभर हलत नव्हते. त्याचे कारण आता माझ्या तळहातावर होते.

संध्याकाळी मी ते देठ बशीत घालून ह्यांच्यापुढे ठेवले. भांडण व्हायला हवे होते, ते झाले नाही. बराच वेळ हे गप्प राहिले. मग म्हणाले, "घरी ताटावर बसलो की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिथं स्टेशनबाहेर कोणी मोजत नाही. दोन खातो. खरं सांगू? चवसुद्धा लागत नाही. घाईघाईनं खातो आणि तोंड धुऊन येतो."

कचोरीपेक्षा ते तोंड धुणे मला अधिक लागले. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यापासून काही लपवल्याचे मला आठवत नव्हते. दोन महिन्यांत मी त्यांना ते शिकवले होते.

सासूबाई सोफ्यावर वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, ह्याच्या बाबांना मीच आग्रह करकरून वाढलं. तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. तू पोळ्या मोजतेस, ते ठीक. पण फोडणीला तेल ओततेस, ते कधी मोजलंस का?"

मी दुसऱ्याच दिवशी मोजले. आम्ही तीन माणसे, महिन्याला तेल ५ लिटर, म्हणजे सुमारे साडेचार किलो, वर अर्धा किलो तूप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या दिवसभराच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून माणशी २७ ग्रॅम आहे. तिघांचे महिन्याचे होते अडीच किलोच्याही आत. आमच्याकडे त्याच्या दुप्पट खपत होते, आणि ते ओतणारा हात माझा होता. एक मोठा चमचा, १५ ग्रॅम, तेलात १३५ कॅलरी असतात. तेवढ्या खर्ची घालायला ह्यांना जवळजवळ अर्धा तास चालावे लागेल. भरताच्या वांग्यावर आणि ठेच्यावर मी असे किती चमचे ओतीत असे, ते छापायला नको.

हिशोब ऐकून ह्यांनी टेप मागितली आणि म्हणाले, "आता तू उभी राहा." मी नाही-नाही म्हटले. बायकांची मर्यादा ८० सेंटिमीटर. माझे किती भरले ते मी सांगणार नाही, पण टेप पुढे सरकवावी लागली एवढे खरे. बरे, मी काही जाड दिसत नाही! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी अशी लपून बसते. मग एकट्या नवऱ्याच्या ताटावर पहारा ठेवून मी कोणाला फसवत होते?

त्या रात्री करार झाला. स्वयंपाकघर माझे, बाहेरचे खाणे ह्यांचे. एकमेकांच्या हद्दीत बोट घालायचे नाही. फरसाणाचे कुलूप निघाले, फरसाण आणणेच थांबले. बरणी कलती करून तेल ओतणे बंद. फोडणीला मोजाचा चमचा, आणि महिन्याच्या यादीत तेल ३ लिटर. पहिले पंधरा दिवस पिठले कोरडे, घशाशी अडकणारे झाले. सासूबाईंनीच युक्ती सांगितली: फोडणीत कांदा-लसूण आधी चांगला परतायचा आणि पाणी आधणाचे घालायचे. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आली. तिच्यात काही जादू नाही. तेवढ्याच पिठाच्या पोळीइतक्याच कॅलरी तिच्यात असतात. पण तिला तेल लागत नाही आणि ती चावावी लागते. शिवाय दीड भाकरीनंतर हे आपणच हात धुतात, मला आकडा उच्चारावा लागत नाही. (ज्वारी मात्र महागात पडते, आमच्याकडच्या शेतांत आता सोयाबीनच सोयाबीन.) भाकरीआधी दोघांच्याही ताटांत काकडी, मुळा किंवा मेथीचा घोळाणा.

पहाटे जनुना तलावाकडे चालायलाही लागलो. मे महिन्यात पाच वाजताच निघावे लागे, सहानंतर आमच्याकडचे ऊन विचारू नका.

कचोरीचे काय? ती गुरुवारी घरी येते. हे दोन आणतात, तिघे मिळून खातो, बशीत, बसून. पहिल्या गुरुवारी ह्यांनी आपला वाटा खायला चांगली दहा मिनिटे लावली. मिरच्या सासूबाई घेतात.

फार मोठे काही घडलेले नाही. डॉक्टरांनी सुरुवातीला सहा किलोच सांगितले होते. अमेरिकेतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणे आणि आठवड्याला अडीच तास चालणे एवढेच ध्येय दिले होते, आणि उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले, असे त्यांनी समजावले. जुलैत ह्यांचे चार किलो उतरले. गणपतीत मोदकांनी दीड किलो परत दिले, तेव्हा माझी जीभ शिवशिवली, पण मी ती आवरली. आज काटा ८३ वर आहे, पोट ९९ वर आणि साखर ५.९ वर. बावन्नावे अजून सरलेले नाही. सासूबाई अहवाल आता वाचतात. चष्मा लावून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून.

काल चकलीचा पहिला घाणा उतरला. यंदा भाजणी एक किलोच केली. वास सुटताच हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पाठमोरीच राहिले, वळून पाहिले नाही. दोन चकल्या बशीत पडल्याचा आवाज आला, मग डब्याचे झाकण लागल्याचा. मग स्टूल ओढल्याचा.

"वरच्या फळीवर ठेवू का गं?" ह्यांनी विचारले.

"तुम्हाला हवा तिथं ठेवा," मी म्हटले, आणि सोऱ्या पुन्हा भरायला घेतला.